मशीन काढल्यावर

बोईसर स्टेशनबाहेर रिक्षात बसून "मशीनवाली मॅडम" एवढं म्हटलं, की रिक्षावाला पुढे काही विचारत नसे. माझं नाव त्याला ठाऊक नसायचं, शिक्षण तर नाहीच. दारावर 'वाचा व श्रवण उपचार केंद्र' अशी ठसठशीत पाटी होती, पण तिचा उपयोग एकदाच झाला. एक निवृत्त गृहस्थ त्यातला 'वाचा' हा शब्द वाचून आत आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आजचा पेपर आलाय का?" त्यांना वाचनालय वाटलं होतं. मी घरून पेपर आणून ठेवायला लागले. पुढे कित्येक महिने ते येत, आणि लहान मुलांच्या रडण्याओरडण्यात शांतपणे अग्रलेख वाचत बसत.

माझं काम होतं ऐकू न येणाऱ्या मुलांना ऐकायला आणि बोलायला शिकवणं, आणि त्याहून जास्त म्हणजे त्यांच्या आईवडिलांना समजावणं. 'मशीन' म्हणजे कॉक्लिअर इम्प्लांट. कानाच्या आत, खोलवर, गोगलगायीच्या शंखासारखा एक अवयव असतो. तो काम करत नसेल, तर कानाला लावायच्या साध्या यंत्राचाही फारसा उपयोग होत नाही. मग शस्त्रक्रिया करून त्या शंखात एक बारीक तार सरकवतात. बाहेर कानामागे एक यंत्र अडकवायचं, त्याची चकती लोहचुंबकाने डोक्याला चिकटते. बाहेरचा आवाज हे यंत्र टिपतं आणि आतली तार तो ऐकण्याच्या नसेपर्यंत पोचवते. लहानपणीच हे झालं तर मेंदू ते आवाज ओळखायला शिकतो. उशीर झाला तर अवघड होत जातं.

लोकांना वाटायचं, हे चष्म्यासारखं आहे. घातला की दिसलं. केमिकल कंपनीतले एक वडील मशीन चालू झालं त्याच दिवशी पेढे घेऊन माझ्याकडे आले आणि मुलाला समोर उभं करून म्हणाले, "बोल, पप्पा बोल." मुलगा पेढ्यांकडे बघत होता. मी त्यांना म्हटलं, "भाऊ, तुमचा मुलगा कानाने आज जन्मला. आज जन्मलेलं बाळ पप्पा म्हणतं का?" ते हातातल्या पेढ्यांकडे बघून म्हणाले, "म्हणजे पेढे बारशाचे समजायचे." मला ते उत्तर फार आवडलं. पुढे मी ते सगळ्यांना सांगत असे.

तर बाळाशी आपण जसं दिवसभर बोलतो, तसं या मुलांशी बोलावं लागतं. भाजी निवडताना, भांडी घासताना, अंघोळीचं पाणी काढताना. आया मला सांगत, "एकटीच बडबडते म्हणून शेजारीण हसते." मी म्हणायचे, हसू दे. पण ज्या घरात बोलणारं माणूसच नाही, त्या घराला काय सांगायचं, हा प्रश्न माझ्यासमोर भावना आणि किशोर घेऊन आले.

दोघंही जन्मापासून कर्णबधिर. किशोर तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लेथवर होता, भावना औषधांच्या कंपनीत पॅकिंगला. कुंभवलीत भाड्याच्या एका खोलीत राहत. त्यांची मुलगी उमा तेव्हा दीड-दोन वर्षांची होती, आणि तिलाही ऐकू येत नव्हतं. बरोबर किशोरची आई होती, इंदूकाकी. काकी पालघरच्या पुढे समुद्राकडच्या एका गावात राहायच्या. घरची केळीची आणि पानवेलीची वाडी त्या एकट्याच सांभाळत. त्या घरात ऐकू येणारं माणूस त्याच एक.

काकी बसायच्या आधीच बोलायला लागल्या. "मॅडम, पोरीला मशीन बसवून टाका. माझा पोरगा तसाच रायला. ही नाय रावाला पायजे."

किशोर आईच्या ओठांकडे बघत होता. भावना माझ्याकडे. मला खुणांची भाषा तेव्हा मोडकीतोडकी यायची, परक्या गावात रस्ता विचारण्यापुरती. भावनाने सावकाश, मला कळेल अशा बेताने हात हलवले. तिचं म्हणणं होतं, "आम्ही दोघं काम करतो, स्वयंपाक करतो, भांडतो, सिनेमा बघतो. माझ्या मुलीचं डोकं कशाला कापायचं?"

मी तिला सगळं सांगितलं. फोनवर लिहून, चित्र काढून, जमतील तेवढ्या खुणा करून. मशीनने आपल्यासारखं ऐकू येईल असं नाही. ते जन्मभर सांभाळावं लागतं, वायर तुटते, दमट हवेत बिघडतं. शस्त्रक्रिया सरकारी योजनेत होते, पण नंतरची मेहनत घरच्यांची. नाही बसवलं तरी तुमच्या भाषेत ती वाढेल, तुम्ही वाढलात तशी. "आणि तुम्ही नको म्हणालात, तरी हे दार तुम्हाला उघडंच आहे," असंही मी लिहिलं.

तिने शेवटी एकच विचारलं. "मशीन काढल्यावर?"

अंघोळीला, झोपताना, पोहताना मशीन काढावं लागतं. काढलं की मूल पुन्हा पहिल्यासारखंच, काही ऐकू येत नाही. मी हे सांगितल्यावर भावना पहिल्यांदा हसली. तिने उमाला छातीशी धरलं आणि एका हाताने म्हणाली, "तेव्हा ती आमची."

त्या दिवशी ती नकार देऊनच गेली. काकी जाताना दारात थांबून मला म्हणाल्या, "तुमी जोर का नाय लावला?" मी म्हटलं, "काकी, आई ती आहे."

काही आठवड्यांनी भावना एकटीच आली. कामाचा निळा कोट अंगातच होता, टोपीही काढली नव्हती. तिच्या कंपनीत आग लागल्यावर बाहेर कसं पडायचं याचा सराव झाला होता. भोंगा वाजला, सगळे पळत मैदानात जमले. भावनाची पाठ दाराकडे होती. ती खोक्यात बाटल्या भरत राहिली. खोकं बंद करून वळली, तर एवढ्या मोठ्या हॉलमध्ये पंख्यांशिवाय काही हलत नव्हतं. ती तशीच उभी राहिली, आपलं काय चुकलं ते न कळून. तिला आठवून कुणीतरी परत आलं, तेव्हा सराव संपत आला होता. सगळ्यांनी माफी मागितली, सुपरवायझरने चहा पाजला.

हे सगळं तिने मला हातांनी सांगितलं. माझ्या मोडक्या ज्ञानालाही एकही खूण समजायला अडली नाही. शेवटी तिने कानामागे दोन बोटं टेकवली आणि मान हलवली. मशीन बसवा.

शस्त्रक्रिया मुंबईत झाली आणि नीट झाली. जखम भरल्यावर मशीन चालू करायच्या दिवशी मी मुद्दाम बरोबर गेले. पहिला आवाज आत गेला, उमाचे डोळे मोठे झाले आणि ती जोरात रडायला लागली. काकींनी हात जोडले, मी टाळ्या वाजवल्या, मशीन चालू करणाऱ्या तिथल्या मुलीनेही वाजवल्या. भावनाला दिसलं ते एवढंच, की आपलं लेकरू घाबरून रडतंय आणि सगळे खूश आहेत. उमा तिच्या पदरात डोकं घुसवत होती आणि मशीनची चकती सारखी निसटून पडत होती.

आता बोलणारं माणूस हवं होतं. उमाने आजीकडे गावी राहायचं आणि आईवडिलांनी रविवारी भेटायचं, हे कुणी एकाने ठरवलं नाही. तेव्हा आम्हा सगळ्यांनाच दुसरा मार्ग दिसत नव्हता. भावनाने होकाराची मान हलवली. तिने उमाचे कपडे स्वतः घडी करून पिशवीत भरले.

काकींइतकी उत्तम शिक्षिका मला दुसरी मिळाली नाही, आणि मी पुष्कळ आजीबाया पाहिल्या आहेत. त्या उमाशी सकाळपासून बोलत. "ही बघ पानं. ह्ये पान मोठं. ह्ये किडकं, फेकून दे. फेकलं!" केळीशी बोलत, कोंबड्यांशी बोलत, सगळं उमाला ऐकू जाईल असं. मला एकदा म्हणाल्या, "मॅडम, ह्या घरात इतकी वरसं मी भितींशी बोलत आलेय. आता कुणीतरी आयकतंय, तर मी थांबू व्हय?" दर आठवड्याला एसटीने पोरीला घेऊन त्या माझ्याकडे येत. दमट हवेत मशीन कोरडं राहावं म्हणून एक डबी मी त्यांना दिली होती, ती त्या देवघरात ठेवत.

एक दिवस फोन आला. काकी ओरडत होत्या. "मॅडम, पोरीनं झावळी आयकली!" वाडीत नारळाची सुकलेली झावळी मागे पडली आणि उमाने वळून पाहिलं होतं. मी तेव्हा दुसऱ्या मुलाला घेऊन बसले होते. त्याच्या आईलाही मी ती बातमी सांगितली, आणि आम्ही दोघी उगाचच हसत सुटलो.

त्यानंतरचा फोन मात्र वेगळा होता. "न्हाणीत लय रडते. मशीन काढलं की मला धरून ठेवते, मी काय बोलते ते तिला कळत नाय. डोळे फिरवते नुसती. आदी अशी नव्हती." झोपतानाही तेच होतं. दिवसभर आवाजात राहिलेलं मूल, मशीन काढताच एकदम एकटं पडत होतं.

मी रविवारी त्यांच्या गावी गेले. किशोर आणि भावना सकाळीच आले होते. न्हाणीघर घरामागे होतं, अर्ध्या भिंतीचं. भावनाने उमाचं मशीन काढून माझ्या हातात दिलं आणि तिला आत घेऊन गेली. रडणं ऐकू येईल म्हणून मी वाट बघत होते. आलं ते हसणं. मी आणि काकी डोकावलो. दोघींचे हात साबणाने भरले होते आणि दोघी गप्पा मारत होत्या. उमा ओल्या हाताने काहीतरी मोठं पडल्याची खूण करत होती, पुन्हा पुन्हा. मला कळायला वेळ लागला. ती आईला झावळीची गोष्ट सांगत होती.

काकी अर्ध्या भिंतीला हात टेकून बघत राहिल्या. 

संध्याकाळी निघायची वेळ झाली. रिक्षा दारात उभी होती. उमाला ते कळलं आणि तिने भावनाचा ड्रेस मुठीत धरला. काकी समजावत होत्या, "रविवारी येनार हाय मम्मी, रविवारी." मशीन लावलेलं होतं, आवाज जात होता, पण 'रविवार' म्हणजे काय हे तिला अजून कुठून माहीत असणार? काकींनी तिला उचलून घेतलं. उमाने पाय झाडले.

तेवढ्यात किशोर पुढे आला. हा माणूस आईसमोर फार कमी हात हलवायचा. तो लहान असताना काकींना सांगितलं गेलं होतं, की खुणा केल्या तर मुलगा बोलायला शिकणार नाही. म्हणून त्या खुणा कधी शिकल्या नाहीत, आणि किशोर बोलायलाही फारसा शिकला नाही. जेव, झोप, ये, जा, पैसे, औषध, एवढ्यावर माय-लेकांचा संसार चालला होता.

किशोरने माझ्याकडे बघून आईकडे बोट दाखवलं. मी सांगायचं, असं. मग तो हातांनी सावकाश बोलू लागला. मी जमेल तसं काकींना मराठीत सांगत गेले.

"मला तू मुंबईच्या शाळेत ठेवलंस. वसतिगृहात. पेटी ठेवलीस, डोक्यावरून हात फिरवलास आणि गेलीस. मला वाटलं, तू मला देऊन टाकलंस. मी काहीतरी वाईट केलं असणार, असं वाटलं. दिवाळीत तू न्यायला आलीस तेव्हा मला कळलं, की परत जायचं असतं."

काकींच्या कडेवर उमा अजून हुंदके देत होती. काकी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी सांगितलं होतं त्याला. दिवाळीला येते म्हनून. दहा येळा सांगितलं."

मी ते किशोरला हातांनी सांगितलं. त्याने आईकडे बघितलं आणि कानाला हात लावून नकाराची मान हलवली. त्यात राग नव्हता. ऐकूच आलं नव्हतं, एवढंच तो सांगत होता.

काकींनी उमाला भावनाच्या हातात दिलं. मग ओसरीच्या पायरीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावला. किशोर त्यांच्या शेजारी बसला. मी आणि रिक्षावाला वाडीकडे बघत उभे राहिलो. थोड्या वेळाने काकी उठल्या, आत जाऊन उमाची पिशवी घेऊन आल्या आणि रिक्षात ठेवली.

मी म्हटलं, "काकी, पण बोलणारं माणूस?"

"मी येते ना मंगळवारी," काकी म्हणाल्या. "वाडी दीर बघंल. नायतर बसंल केळी तशीच."

आणि खरोखरच त्या कुंभवलीच्या एका खोलीत राहायला आल्या. समुद्राच्या वाऱ्यावर आयुष्य गेलेल्या बाईला कारखान्यांचा वास सहन होत नसे. रात्रपाळीच्या बसचे हॉर्न त्या घरात फक्त त्यांनाच ऐकू येत आणि त्यांचीच झोपमोड होई. "सगळे ढाराढूर, मी एकटी जागी," अशी तक्रार त्या माझ्याकडे करत आणि स्वतःच हसत. उमाशी त्या तोंडाने बोलत, आईवडील हातांनी. मी फक्त एक नियम घालून दिला. सकाळी उठल्यावर मशीन लावायचं, आणि काढायच्या आधी तिला हातांनी सांगायचं, की आता काढतोय.

काकी खुणा शिकायला लागल्या. वाडीतल्या कामाने त्यांची बोटं जाड झालेली, वळत नसत. एकदा 'जेवलास का' विचारायला गेल्या आणि भलतीच खूण केली. तिचा अर्थ मला नीट सांगता येणार नाही, पण किशोर हसून हसून भिंतीला टेकला. काकींनी दुसऱ्या दिवशी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "माझा पोरगा एवढं हसतो, ह्ये मला म्हाईतच नवतं."

उमाची प्रगती काही झपाट्याने झाली नाही. कधी मशीन बिघडून मुंबईला जायचं, की ते परत येईपर्यंत शिकवणं थांबायचं. एकदा सुट्टीत गावी गेल्यावर चकती कोंबड्यांच्या खुराड्यात सापडली. शब्द आले ते काकींच्या वळणाचे, 'हाय' आणि 'नाय'. शाळेत बाई दुरुस्त करतील म्हणून मी ते तसेच राहू दिले.

सगळ्या घरांचं असं झालं नाही. त्या बारशाच्या पेढेवाल्यांची कंपनी बंद पडली आणि ते कुटुंब दूर आपल्या गावी परतलं. तिथे ना शिकवणारं कुणी, ना वायर मिळण्याची सोय. शेवटचा फोन झाला तेव्हा मशीन कपाटात होतं. त्या मुलाने माझ्याकडे 'मऊ' आणि 'माऊ' यांतला फरक ओळखायला नुकतीच सुरुवात केली होती. त्याचं ते कान टवकारणं मला अजून दिसतं.

निवृत्त झाल्यावर मी एका दुपारी कुंभवलीतल्या उमाच्या शाळेत गेले होते. नव्या वर्गशिक्षिकेला मशीनबद्दल सांगायचं होतं. मूल पुढच्या बाकावर बसवा, फळ्याकडे तोंड करून बोलू नका, असं सगळं. बोलणं आटोपून मी बाहेर आले तेव्हा शाळा सुटली होती. दोन-अडीचशे पोरांचा गलका, रिक्षांचे हॉर्न, शेजारी वेल्डिंगचं काम चालू. भावना पहिल्या पाळीहून परस्पर मुलीला न्यायला आली होती आणि फाटकाशी माझ्याजवळ उभी होती. उमा मैत्रिणींबरोबर दुसऱ्याच बाजूने, पाठमोरी निघाली होती.

भावना आवाज वापरत नाही. लहानपणी तिच्या आवाजाला मुलं हसत, म्हणून तिने तो बंद करून टाकला, हे तिने मला पूर्वी सांगितलं होतं. मुलीचं नाव मात्र तिने निवडलं होतं, ते आपल्याला उच्चारता येईल असं. ओठांचा चंबू, मग ओठ मिटायचे, मग उघडायचे. ते नाव ती घरात दार लावून म्हणत असे.

तिने माझ्याकडे पाहिलं, श्वास घेतला आणि हाक मारली.

"ऊऽमाऽ!"

आवाज जाडाभरडा, मध्येच फाटलेला. दोन-तीन बायका वळून बघायला लागल्या. त्या एवढ्या गलक्यात, तेवढ्या अंतरावर, उमा जागच्या जागी थांबली आणि वळली. मैत्रिणींना तोंडाने "माझी आई हाय" म्हणाली आणि धावत आली.

भावनाचा चेहरा लाल झाला होता. तिने मला हातांनी विचारलं, "कसा आहे? माझा आवाज?"

मी बरा शब्द शोधत होते. आयुष्यभर आवाजांचंच काम केलेल्या मला तो सापडेना. उमाने दप्तर खाली ठेवलं, हात मोकळे केले आणि आईला सांगितलं, "मोठा आहे. लांबूनच कळतं, तू आलीस."

भावनाने ते नीट पाहून घेतलं. उमा तिच्या पुढ्यातच उभी होती, तरी तिने पुन्हा एकदा हाक मारली.